बंद माइकचं भाषण

पैज लागली तेव्हा माझ्या हातात धारोष्ण दुधाचा ग्लास हुता आणि मिशीला फेस. गंगावेशीचा दूधकट्टा, सांजची वेळ. शिवानंद गवळी म्हशीखाली बसून धार काढत हुता, आणि त्याची आई, आमची आक्का, पलीकडं स्टुलावर बसून ग्लास विसळत हुती.

"उद्या विश्वजितदादाचं भाषण," शिवा म्हणाला. "साउंड तुझाच न्हवं?"

"माझाच. सहा बॉक्स, दोन माइक."

"बघू काय बोलतोय."

"काय बी बोलू दे. ऐकतंय कोण?"

विश्वजितदादा आमच्याच गल्लीतला. दूध संघाच्या अध्यक्षपदाला उभा हुता आणि दिवाळी झाली की मतदान. तवापासून गल्लीचे दोन तुकडे झालते. अर्धी गल्ली दादाची, अर्धी जुन्या पॅनेलची. समोरासमोरच्या दारातनं रांगोळीसुद्धा इरेला पडून काढत हुती माणसं.

मी तीस वर्षं भाषणं वाजवतोय. वरात, गणपती, सत्यनारायण, सभा, काय बी सांगा. एवढ्या वर्षांत मला एक कळलंय. माणूस भाषणाला येताना मत घरनंच घेऊन येतो, डबा आणल्यासारखं. तिथं नुसता उघडतो.

"मी माइक बंद ठेवला तरी परवा सगळी गल्ली त्या भाषणावर बोलंल," मी म्हटलं.

शिवानं धार थांबवली. म्हशीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "माणसं एवढी येडी न्हाईत, विजा."

"लावतोस?"

"लाव."

पंच आक्का. तिनं हात पदराला पुसले आणि नियम सांगितले. परवा सांजच्या धारेपातूर गल्लीतल्या एकानं जरी आपल्या तोंडानं सांगितलं की मला काय ऐकू आलं न्हाय, तर मी हरलो. कुणीच न्हाय म्हणालं तर शिवा हरला. कुणाला विचारायचं न्हाय, चिथवायचं न्हाय.

"आणि हरंल त्यानं काय करायचं?" शिवानं विचारलं.

"पाडव्याला म्हशीच्या जागी पळायचं," आक्का म्हणाली. ती हसली सुद्धा न्हाय.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसाचा तुरा बांधायचा, गळ्यात कवड्यांची माळ, पायात घुंगरं. मालक सायलेन्सर काढलेली गाडी फटफटवत पुढं आणि म्हैस त्याच्या मागनं पळत नदीपातूर. बघायला गर्दी अशी की हात खाली सोडायला जागा न्हाय.

मी खदाखदा हसलो, टाळी दिली, दूध संपवलं आणि घराकडं निघालो. कोपऱ्यावर आल्यावर आठवलं. पाडव्याला शिरोळचं पावणं येणार हुतं.

आमच्या पोरीचं, मोनाचं, लग्न महिन्यापूर्वी ठरलंय. व्याही ऊसवाला माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मोजून, हसणं त्याहून मोजून. पहिल्यांदा घरी येणार हुता. संयोगितानं, म्हणजे आमच्या हिनं, आठ दिवस आधीच मला बजावलं हुतं, "पावणं जाईपातूर जरा माणसासारखं वागा." आणि मी म्हैस व्हायची पैज लावून आलतो.

म्हणजे आता हरून चालणार न्हवतं.

सभा सांजला सहाला. मैदान भरलं हुतं, पण तोंडं मागच्या मंडपाकडं, कारण रस्सा उकळायला लागलता. दादा बोलायला उठला आणि त्याच मिनटाला आचाऱ्यानं मागनं पहिली पंगत बसवली. अर्धं मैदान उठून रांगेत. बाजूला जनरेटर, पुढं हलगी. मी मशीनवरची माइकच्या आवाजाची पट्टी अलगद खाली ओढली.

दादा हात वर करायचा, बोट नाचवायचा, छातीवर थाप मारायचा. पुढच्या ओळीत पिराजी, दादाचा माणूस. त्याला टाळ्यांचं काम दिलतं, सफेद टोपी घालून. त्यानं दोन्ही हात उचलले की पुढच्या चार ओळी वाजवायच्या, त्यांचं बघून मागच्या, आणि त्यांचं ऐकून रांगेतली माणसं ताट काखेत मारून वाजवायची. वीस मिनटं असं चाललं. मी मशीनमागं बसून पोट धरून हसत हुतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चहाच्या गाड्यावर पिराजी.

"ऐकलंस न्हवं? दरावर बोलला तवा काटा आला अंगावर."

"कुठल्या दरावर?"

"लिटरला चार रुपये जादा. फाडून सांगितलं की."

दहा वाजता त्यानं कट्ट्यासमोरच्या चौकात फ्लेक्स लावला. दादाचा फोटो, हात जोडलेला, खाली मोठ्या अक्षरात: दादांचा शब्द, लिटरमागं चार रुपये.

हायस्कूलचे निवृत्त मास्तर पेपर घडी करत म्हणाले, "सुरुवात दमदार. शेवट जरा लांबला."

जुन्या पॅनेलची माणसं तर रात्रभर जागल्यासारखी तापलती. त्यांचं म्हणणं, एवढं खोटं एका भाषणात बसतंच कसं. एकानं तर मोजलं हुतं, अकरा खोट्या गोष्टी.

शिवा बिचारा दुधाची किटली घेऊन दारोदार रेंगाळत हुता. विचारायचं न्हाय ही अट, म्हणून नुसता उभा राहायचा आणि माणसाच्या तोंडाकडं बघायचा. एका दारात नवी सून दानेश्वरी म्हणाली, "मला तर काल..." शिवा एक पायरी वर चढला. तेवढ्यात आतनं सासू म्हणाली, "आम्ही दोघी पुढंच बसलतो. एक शब्द चुकवला न्हाय." सून आत वळली. कशी बोलणार. ऐकलं न्हाय म्हणजे पंगतीत हुतीस, एवढं सरळ गणित हुतं.

दुपारी चारपातूर मी जिंकल्यात जमा. घरी जाऊन पाडव्याचा शर्ट इस्त्रीला टाकला.

सांजच्या धारेला कट्ट्यावर गेलो तर गर्दी. मधे पिराजी आणि चिमणाबाई. चिमणाबाईंचं मालक वीस वर्षं संघाचं डायरेक्टर हुतं, जुन्या पॅनेलचं. दोन वर्षांपूर्वी वारलं.

"मेलेल्या माणसावर बोलतोय," चिमणाबाई म्हणत हुत्या. "माझ्या मालकांनी दुधात पाणी घातलं म्हणाला. भर सभेत."

"तुम्ही हुता का सभेत?"

"मी गच्चीवर हुते. सगळं दिसतं तिथनं."

"म्हणाला असंल तर खरंच असंल," पिराजी म्हणाला.

चिमणाबाईंचा आवाज फाटला. त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि मला पहिल्यांदा हसू आलं न्हाय. मी शिवाकडं बघितलं, शिवानं म्हशीकडं.

तेवढ्यात दादाच आला. रोजच्यासारखा, बंडी घालून, ग्लासभर दूध प्यायला. पिराजी पुढं धावला. "दादा, सांगा ह्यांना. काल काय बोलला ते परत एकदा सांगा."

दादानं आधी फ्लेक्सकडं बघितलं, मग चिमणाबाईंकडं. ग्लास शिवाच्या हातात परत दिला, न पिताच.

"वहिनी, मी तुमच्या मालकांचं नाव घेतलं न्हाय. मी कुणाचंच नाव घेतलं न्हाय."

"मी बघितलंय तुम्हाला बोट नाचवताना."

"बोट नाचवलं. पण माइक बंद हुता. दुसऱ्या मिनटाला कळलं मला. खाली बसलो असतो तर ही माणसं म्हणाली असती, ह्याला बोलता येत न्हाय. म्हणून उभा राहिलो. शेजारी ती हलगी. मी काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं न्हाय." मग म्हणाला, "सतराचा पाढा म्हणत हुतो. सतरा साते एकशे एकोणीसपर्यंत जायचो आणि परत पहिल्यापासनं."



मग पिराजी म्हणाला, "बघा, केवढा नम्र माणूस. एवढं भारी बोलून कबूल करत न्हाय."

"आता पलटला," चिमणाबाई म्हणाल्या. पण पदर खाली घेतला, आणि दादाचा ग्लास शिवाकडनं घेऊन त्याच्या हातात परत दिला.

शिवा म्हशीखालनं उठला. "आक्का, ऐकलंस?"

"हे चालत न्हाय," मी म्हटलं. "दादा बोलणारा. आपली पैज ऐकणाऱ्यांची."

आक्कानं मला विचारलं, "दादा गल्लीतला हाय का?"

"हाय."

"त्याला कान हायत का?"

"हायत, पण..."

"ऐकू आलं न्हाय म्हणाला का, आपल्या तोंडानं?"

"अगं आक्का, पण..."

"साकु," आक्का म्हणाली. तिचं माहेर सीमेपलीकडं. तिचं 'पुरे' कन्नडातनं आलं की विषय संपतो.

मग मला दादाला पैजेचं सगळं सांगावं लागलं. दादा माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता थोबाड फुटतंय. त्यानं दूध संपवलं, मिशी पुसली आणि म्हणाला, "पाडव्याला शिवाच्या गाडीवर मागं मी बसणार. तुझा बिनतारी माइक घेऊन. चालू करून ठेव."

पाडव्याला दुपारी शिवानं मला कट्ट्यावर नटवलं. डोक्याला मोरपिसाचा तुरा, गळ्यात कवड्या, पायात घुंगरं. बनियनवर पाठीमागं लाल रंगात लिहिलं: माइक टेस्टिंग. शिवानं राजदूतला किक मारली, सायलेन्सर नसल्यानं गंगावेशीतली कबुतरं उडाली. दादा मागं उलटा बसला, तोंड माझ्याकडं, माइक हातात.

"या की," दादा रस्त्याकडंला लावलेल्या सहाही बॉक्समधनं म्हणाला. "आता ऐकू येतंय न्हवं?"

मी पळालो. बावन्नाव्या वर्षी, पोट सांभाळत, घुंगरं वाजवत. डाव्या बाजूला पिराजीची माणसं शिट्ट्या मारत हुती: काय पळतोय, दादांच्या साउंडवाल्याला तोड न्हाय. उजवीकडनं जुन्या पॅनेलची: पळतोय कुठं, चालतोय, सगळं ठरवून केलंय. मास्तर पेपर घेऊन उभे. "सुरुवात दमदार," ते शेजारच्याला म्हणाले.

शुक्रवार पेठेच्या वळणावर गर्दीत मला इस्त्रीचा पांढरा शर्ट दिसला. व्याही. शेजारी मोना, तोंडावर ओढणी, आणि संयोगिता, तिचं तोंड मी मुद्दाम बघितलं न्हाय. गाडी वळणाला हळू झाली, तसा मी बी. आता तोंड लपवायला जागा न्हवती, तर म्हटलं बोलूनच टाकू.

"पावणं, कवा आला?"

व्याह्यांनी मला तुऱ्यापासून घुंगरापातूर बघितलं. वेळ घेतला.

"आत्ताच," ते म्हणाले. "शिंगं रंगवायची राहिली वाटतं."

मग त्यांनी खिशातनं पांढरा रुमाल काढला, माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि पाठीवर थाप मारली, म्हशीला मारतात तशी. राजदूत फटफटली. नदी अजून अर्धा किलोमीटर हुती.