मोहरीएवढा हिरवा दिवा

माझ्या पुढच्या बाजूला मोहरीएवढा हिरवा दिवा आहे. कोणी वेबपान मागितले, की तो दोन-तीनदा लुकलुकतो आणि शांत होतो. मोठी फाइल येत असली, तर सलग आठ-आठ मिनिटे थरथरत राहतो. मित्रांनो, त्या दिव्यामागे मी आहे. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमधला मी जुना सर्व्हर.

लॅब वहिनींची. यंत्रे सांभाळते त्यांची धाकटी नणंद. बारा वर्षांपूर्वी मी आलो, तेव्हा वहिनींनी कौतुकाने माझ्यावर भरतकामाचे कापड पांघरले होते. "वहिनी, गुदमरेल तो!" म्हणत नणंदेने ते ओढून काढले.

मी दोन कामे करी. एचटीटीपी नावाच्या रीतीने लॅबची वेबपाने दाखवी. ती रीत तिकिटाच्या खिडकीसारखी. प्रश्न आला, उत्तर दिले, माणूस विसरलो. दवाखान्यांकडून जबड्यांचे स्कॅन मात्र एफटीपी नावाच्या फायली पाठवण्याच्या रीतीने येत. पाठवणारा आधी नाव आणि पासवर्ड सांगे. मग एका वाटेवर आमचे बोलणे चाले आणि दुसरीवरून फाइल येई. शेकडो फायली मी अशा उतरवून घेतल्या. मला त्याचा अभिमान होता.

पण दोन्ही रीतींत सारे उघडेच जाई. पुढे वेबपानांना एचटीटीपीएस मिळाले, म्हणजे तेच बोलणे बंद लिफाफ्यातून. एफटीपी तशीच राहिली. नणंद तीन वर्षे मागे लागली होती, "एसएफटीपी आणू. एकच वाट, आणि तीही कुलूपबंद."

"चाललंय ना?" वहिनी म्हणायच्या. "चौदा दवाखान्यांना नव्याने शिकवायचं म्हणजे नाकी नऊ येतील."

खरे सांगतो, मी मनातून वहिनींच्याच बाजूचा होतो. नवे काही आले, तर मी भंगारात जाईन, ही भीती. माझ्या पंख्यात तर धूळ साचतच होती.

परवा एक शिक्षिका आल्या. त्यांच्या कवळीचे काम आमच्याकडे होते. "वर्गात पोरांना कळलं, तर माझं काही खरं नाही," त्या म्हणाल्या.

"इथून बाहेर जाणार नाही," वहिनींनी शब्द दिला.

आज दुपारी फायली अडकू लागल्या, म्हणून तारेतून काय काय ये-जा करते, ते नणंदेने पडद्यावर उघडले.

"वहिनी, इकडे या. हे वाचा."

"अगं बाई, हा तर आपला पासवर्ड! असा उघडावाघडा?"

"खालची ओळ बघा."

खाली फाइलीचे नाव होते. त्यात त्या शिक्षिकांचे पूर्ण नाव.

"वाटेत कोणी डोकावलं, तर त्यालाही हेच दिसेल," नणंद म्हणाली.

वहिनी स्टुलावर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मग हा टाकून द्यायचा?"

"टाकायचा कशाला? धूळ काढू, नवं सॉफ्टवेअर घालू. अजून चार-पाच वर्षं पळेल तुमचा लाडका."

मित्रांनो, यंत्र जसे आहे तसेच ठेवणे म्हणजे त्याची काळजी घेणे नव्हे. आमची धूळ पुसा आणि आमच्या जुन्या सवयीही वेळेवर बदला. आमच्या पोटात माणसांची गुपिते असतात. भीतीपायी मी ते विसरलो होतो.

वहिनी उठल्या. माझ्या तापलेल्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. हिरवा दिवा थरथरत होता.

"ही फाइल उतरली, की बंद कर ती जुनी वाट," त्या म्हणाल्या. "आजच. दवाखान्यांना फोन मी करते."