दर पंधरवड्याची बादली

सकाळपासून झाकणरावांनी बुटांच्या नाड्या चार वेळा सोडून पुन्हा बांधल्या होत्या, आणि त्या ढिल्या मात्र एकदाही झाल्या नव्हत्या. बायको म्हणाली, "बूट फाटेल आता." ते तसेच घराबाहेर पडले.

झाकणराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात ते तपासनीस होते. कुठल्याही घराला सार्वजनिक लाइनची जोडणी हवी असली की आधी त्यांनी जाऊन चेंबरचं झाकण उचलायचं, आत डोकावायचं आणि मगच कागदावर सही करायची. आठ वर्षांत ही सवय इतकी अंगात मुरली की कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी यजमानांच्या आधी ते अंगणातल्या झाकणाकडे बघत. लोक नाव ठेवणार नाहीत तर काय करणार?

आज उताराच्या गल्लीत धुराची चाचणी होती. चाचणी तशी सोपी. रस्त्यातल्या चेंबरवर पंखा बसवायचा आणि लाइनमध्ये पांढरा धूर सोडायचा. गच्च्यांवरच्या हवेच्या नळकांड्यांतून तो वर आला तर सगळं ठीक. पण गच्चीचं पावसाचं पाणी उतरवणाऱ्या पाइपातून आला, तर त्या घरानं चोरून जोडणी केली असं समजायचं. कारण नियम असा की घरातलं घाण पाणी ड्रेनेजमध्ये जावं आणि पावसाचं पाणी रस्त्याकडेच्या गटारात. दोन्ही एकत्र आली की जोराच्या पावसात लाइन पेलत नाही, आणि मग सगळ्यात खालच्या घरात घाण वर चढते.

सगळ्यात खाली होतं टेलरबाईंचं दुकान, रस्त्यापासून चार पायऱ्या उतरून. वर्षभरात तिथं तीनदा पाणी चढलं. तिसऱ्यांदा चढलं तेव्हा घड्या घालून ठेवलेले शाळेचे साठ गणवेश त्यात बुडाले. पाहणीला झाकणरावच गेले होते. बाईंच्या चेंबरमध्ये मूठभर चिंध्या सापडल्या, आणि त्यांनी उभ्याउभ्याच अहवाल लिहिला: चिंध्यांमुळे लाइन तुंबली. तेवढ्या चिंध्यांनी उंदराचं बीळसुद्धा तुंबलं नसतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण खरं कारण लिहायचं तर स्वतःचंच नाव लिहावं लागलं असतं.

अकरा वर्षांपूर्वी ते साधे प्लंबर होते. गल्लीच्या वरच्या टोकाला थोरल्या बहिणीचं घर नवंच बांधून झालं होतं. पावसाचं गटार रस्त्याच्या पलीकडे. तिथवर पाइप न्यायचा तर रस्ता खोदायची परवानगी हवी, म्हणजे खेटे आलेच. ताई म्हणाली, "घरचा प्लंबर असून मी खेटे घालू होय?" बहिणीपुढे यांचं काय चालणार! अंगणाखाली त्यांनी गच्चीचा पाइप गुपचूप ड्रेनेजला जोडला. पण काम मात्र असं केलं की पाहणाऱ्यानं नाव घ्यावं. लाइनमधला वास वर येऊ नये म्हणून सांध्याआधी ट्रॅप बसवला. ट्रॅप म्हणजे पाइपाचा वाकडा तुकडा. त्याच्या खोलगट पोटात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि खालची हवा अडते. ते बघून शेजारच्या चार घरांनीही तसंच करून घेतलं. काही वर्षं निभावलं. पुढे पाचही घरांनी मागच्या मोकळ्या जागेवर स्लॅब टाकले, त्यांचंही पाणी त्याच पाइपांत आलं आणि टेलरबाईंचे हाल सुरू झाले.

आज झाकणराव पुन्हा पुन्हा नाड्या बांधत होते ते यासाठी. चार महिने पाऊस नव्हता. ट्रॅपमधलं पाणी आटलं असणार, आणि आटलं असेल तर पाच गच्च्यांवरून धूर निघून सगळी गल्ली बघणार.

पंखा सुरू झाला. नव्या इंजिनिअर मॅडम रस्त्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी झाकणरावांना ताईच्या गच्चीवर पाठवलं. वर कपडे वाळत घालायची दोरी होती, पाइपाच्या तोंडाशी एक निळी बादली होती आणि शेजारी ताई. हवेच्या नळकांड्यातून पांढरा धूर भसाभस वर आला. झाकणराव पाइपाकडे बघत राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. पाइपातून धुराची रेघही नाही. शेजारच्या चारही गच्च्यांवर तेच.

 ते कठड्यावर टेकले.

"बघ, एक भपकाराही नाही," ताई खूश होऊन म्हणाली. "तूच सांगितलं होतंस ना, कोरड्या दिवसांत दर पंधरवड्याला पाइपात बादलीभर पाणी सोडत जा, नाहीतर वास येईल म्हणून? अकरा वर्षं सोडतेय. एकदा चुकले नाही. त्या चौघींनाही मीच सवय लावली. तू आपला उगाच काळजी करतोस."

ट्रॅप तुडुंब भरलेले होते. धूर खालीच अडला होता.

खालून मॅडमचा आवाज आला. "झाकणराव, सगळं साफ आहे! तुमचाच अहवाल बरोबर निघाला. बाईंची जोडणी बंद करून टाकू."

झाकणराव कठड्यावरून वाकले. टेलरबाई पायरीवर उभ्या होत्या, हातात जोडणी बंद करण्याची नोटीस. जोडणी बंद म्हणजे संडास बंद, आणि संडासाशिवाय कामाची जागा उघडी ठेवायची नाही, असा नियम होता. दुकान बंद म्हणजे बाई आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या दोघीजणी घरी.

"मॅडम, चिंधी मी पोत्यात भरते," बाई सांगत होत्या. "गादीवाला घेऊन जातो. मोरीला जाळी आहे. तुम्ही आत येऊन बघा तरी."

"अहवालात स्पष्ट लिहिलंय, बाई. माझे हात बांधलेले आहेत."

बाईंनी वाद घातला नाही. त्या आत वळल्या. उघड्या दारातून त्या मशीनवर खोळ घालताना दिसल्या. खोळ एका बाजूला कमी पडत होती, ती त्यांनी नीट ओढून घेतली, जणू उद्या परत काढायचीच आहे.

झाकणरावांना लाज वाटली. आपण सुटलो म्हणून पाच मिनिटांपूर्वी किती बरं वाटलं होतं, त्याचीच जास्त वाटली. त्यांनी नाडी बांधायला हात खाली नेला आणि तसाच वर घेतला.

"ताई, आजची बादली सोडलीस?"

"परवाच सोडली की. आता एकदम पुढच्या..."

"आज आणखी एक सोडू." त्यांनी गच्चीच्या नळाखाली बादली लावली आणि खिशातून पुडी काढली. पाणी कुठून कुठं जातं हे बघायला खात्यात वापरतात तो रंग. बादलीतलं पाणी बघता बघता हिरवंगार झालं.

ताई बादलीकडे बघत राहिली. मग तिनं खाली टेलरबाईंच्या दाराकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे... तिच्याकडे चढायचं ते आपलं पाणी?"

"आपलं. आणि या चौघांचं."

"अरे, तिच्या चिंध्यांनी लाइन तुंबते अशी गल्लीनं तक्रार दिली, तिच्यावर पहिली सही माझी आहे!"

"माहीत आहे."

तिनं बादलीची कडी पकडली. "थांब. तुझी नोकरी जाईल. तुझ्या दाजींना मी काय तोंड दाखवू? शांतपणे दुसरा काहीतरी मार्ग काढू ना."

"दुसरा मार्ग मी काढला होता, ताई. चिंध्यांचा." त्यांनी कडी ओढली नाही, नुसती धरून ठेवली. "सोड आता."

ताईनं हात काढून घेतला. झाकणरावांनी अख्खी बादली पाइपात रिकामी केली, नळाखाली धरून पुन्हा भरली आणि तीही ओतली. मग कठड्यावरून ओरडले, "मॅडम, चेंबरमध्ये बघा!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग मॅडम चेंबरवर वाकल्या, टॉर्च मारला आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. गल्लीतली माणसं गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, "अरे, हिरवं येतंय!"

झाकणराव खाली उतरले. मागोमाग ताई, रिकामी बादली हातातच. टेलरबाईही पायऱ्या चढून वर आल्या होत्या.

"गच्चीचं पाणी लाइनमध्ये येतंय," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग कमी आणि आश्चर्य जास्त होतं. "आणि धूर आला नाही, म्हणजे आत ट्रॅप आहे, तोही पाण्यानं भरलेला. चोरीची जोडणी इतक्या निगुतीनं कोण करतं? कुणाचं काम हे?"

 ज्यांना ठाऊक होतं ते चौघे आपापल्या फाटकाकडे सरकू लागले.

"आमचा एक प्लंबर होता," ताई घाईघाईनं म्हणाली. "फार जुनी गोष्ट. तो वारला."

"वारला नाही, ताई," झाकणराव म्हणाले. "मॅडम, तो मीच. पाचही घरांचं काम माझं आहे."

मॅडमनी टॉर्च विझवला.  टेलरबाई दोन पावलं पुढे आल्या आणि त्यांनी झाकणरावांकडे नीट निरखून पाहिलं, कापड दिव्याखाली धरून बघतात तसं.

"गणवेश भिजले त्या दिवशी तुम्हीच आला होतात ना? माझ्याच उंबऱ्यात उभं राहून चिंध्या लिहिलंत."

"हो, बाई."

"तेव्हाही ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

त्यांनी नोटीस उलटी केली. मागची बाजू कोरी होती. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी ती झाकणरावांच्या हातात ठेवली.

"मग आता त्याच हातानं दुसरं लिहा. इथंच. मी उभी आहे."

टेकायला काही नव्हतं. ताईनं निळी बादली उलटी करून त्यांच्यापुढे ठेवली. झाकणराव गुडघ्यांवर बसले, कागद बादलीवर पसरला आणि पहिल्या ओळीत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.