तारेवरचा चास

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. मी एक जुनी दुर्बीण आहे आणि माझा उजवा डोळा जरा हेकट आहे. त्यातून तुम्हाला सगळे धूसर दिसेल. माझे मालक तात्या यांचा उजवा डोळा अधू होता. त्या बाजूच्या भिंगाची चकती त्यांनी आपल्या डोळ्याला जुळवून घेतली होती. त्यांना मात्र त्यातून सारे लख्ख दिसे.

तात्या भिवंडीच्या एका शाळेत भूगोल शिकवत. जन्मभर त्यांनी फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढला. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मुलीने, प्राजक्ताने, त्यांना आणि त्यांच्या पत्नीला, माईंना, खरोखरच केनियाला नेले. काय भाग्याचे दिवस होते ते! उघड्या जीपमधून मी लाल चोचींची, हिरव्या पाठींची, सोनेरी पिसांची पाखरे पाहिली. सिंहाकडे तात्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. मग एका काटेरी झाडावर तो दिसला. आपल्या चासाचाच, म्हणजे नीलकंठ पक्ष्याचाच, भाऊबंद, पंख निळेभोर, पण छाती जांभळी.

"अगं, चास! इकडचा चास!" तात्या ओरडले.

माईंच्या माहेरी चास दिसला की डोळे मिटून हात जोडायची रीत. नाव ऐकताच माईंनी झटकन डोळे मिटले, हात जोडले. डोळे उघडून मला हाती घेईपर्यंत फांदी रिकामी! सगळे पोट धरून हसले. तात्या म्हणाले, "तुला तो दाखवल्याशिवाय मी काही राहणार नाही." पण तो पुन्हा दिसला नाही.

भिवंडीत परतल्यावर काही महिन्यांतच तात्यांनी अंथरूण धरले. गॅलरीतल्या खाटेवर ते मला छातीशी घेऊन पडून राहत. समोर लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना. तिथले रंगीत सूत उडून विजेच्या तारांवर अडकते आणि लोंबत राहते. एका सकाळी मला डोळ्यांना लावूनच तात्या उठून बसले. "आला बघ! जांभळ्या छातीचा! लवकर घे दुर्बीण!"

माईंच्या हातात औषध होते. त्यांनी नुसत्या डोळ्यांनीच पाहिले. "अहो, सुताचा गुंता आहे तो. औषध घ्या बघू."

तात्यांनी मला खाली ठेवले. पुन्हा कधी उचलले नाही, आणि त्याच आठवड्यात ते गेले. त्या सकाळी मी तर त्यांच्या डोळ्यांवरच होते. मला काय दिसले विचाराल, तर माझी मलाच खात्री नाही.

मग मी खुंटीवर लटकले. भिंगांवर सुताची धूळ बसली, पट्ट्याला बुरशी आली. प्राजक्ताने एकदा मला पुसून चकती फिरवायला घेतली, तर माई कळवळून ओरडल्या, "हात लावू नकोस! ती त्यांची नजर आहे." माई स्वतः मात्र गॅलरीत तारेकडे पाठ करून बसत.

परवा दुपारी लाईट गेली. सगळे लूम एकदम थांबले. पाठमोऱ्या बसलेल्या माई दचकल्या, कुणी हाक मारावी तशा. त्यांनी मला खुंटीवरून काढले आणि तारेकडे रोखले.

"दिसला हो," त्या पुटपुटल्या.

डोंगरपाड्यावरून कामाला येणारी कमळी लादी पुसत होती. तिने मान वर केली. "काय दिसला, माई? तार तं मोकळी हाय. त्यो गुंता लाईनवाल्यानं कवाच काढला."

माईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला कमळीपुढे धरले. "तूच बघ. मला वेड लागलंय का?"

कमळीने ओले हात पदराला पुसले. आफ्रिकेची गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. चास मात्र तिच्या पाड्यावर नेहमीचा. ती बराच वेळ माझ्यातून बघत राहिली. मग दबक्या आवाजात म्हणाली, "हाय, माई. पन ह्यो आपल्याकडला न्हाय. ह्याची छाती जांभळी हाय."

तात्या गेल्यापासून माई पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसत जा, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. अंथरुणाला खिळलेले माणूस "बघ" म्हणाले, तर हातातले काम टाका आणि बघा. ते खरे की भास, हे मागाहूनही ठरवता येते.