आत्याबाईला दिलेला दम

कागद कारखान्याच्या स्विचरूममध्ये एक जुनं, करड्या रंगाचं पॅनेल होतं. दिवसभर कुरकुरायचं, म्हणून सगळे त्याला आत्याबाई म्हणत. हे नाव बाबांनी ठेवलेलं. तीस वर्षं ते इथले वायरमन होते. आता ती, त्यांची लेक, इथली सुरक्षा इंजिनियर. दार उघडलं की तापलेल्या वार्निशचा तोच वास यायचा, बाबांच्या शर्टाला यायचा तो, आणि ती पुन्हा आठ वर्षांची व्हायची. काय करणार! वासाला कोण अडवणार?

उद्या सकाळी आत्याबाईच्या आतली तपासणी करायची होती, जी वीज चालू असतानाच करता येते. करणार होता वायरमन बोका, बाबांना मास्तर म्हणणारा त्यांचा चेला. आत विजेचा भडका उडाला तर तो कोणत्या आगरोधक सुटात वाचेल, हे कसं काढायचं ते तिला चारच्या आत ठरवायचं होतं. रस्ते दोन. एक, तयार तक्ता: रकाना शोधा, सूट निवडा, दहा मिनिटांत मोकळे. दुसरा, गणित: पॅनेल बंद करून आतली खरी सेटिंग वाचायची आणि भडक्याची उष्णता काढायची. म्हणजे उद्याचं काम पुढे, आणि कारखाना अख्खा दिवस बंद.

"तक्ताच लावा की," मॅनेजर म्हणाले. "कशाला राईचा पर्वत करता?"

तक्त्याला मुख्य अट एकच. बिघाड झाला की ब्रेकरने पापणी लवायच्या आत वीज तोडली पाहिजे. पॅनेलच्या जुन्या नकाशावर तसंच लिहिलेलं होतं. तिने पेन उचललं.

"बेबी, उद्या पातळ सूट ना?" दारातून बोका म्हणाला. साठीला टेकला तरी तो तिला बेबीच म्हणायचा. "जाड्यात जीव घुसमटतो गं. आणि मास्तरांनी आत्याबाईला चांगला दम दिलाय. ती नाही काही करायची!"

दम. लहानपणी जेवताना बाबा हेच सांगायचे, "आज आत्याबाईला आणखी थोडा दम दिला." बोट रोखून पॅनेलवर डोळे वटारणारे बाबा तिला दिसायचे आणि हसून हसून घास घशात अडकायचा. किती गोड दिवस होते ते! पण आज पेन थबकलं. पॅनेलला कोण रागावतं?

तिने घरी फोन लावला. "बाबा, आत्याबाईला दम द्यायचात म्हणजे काय करायचात हो?"

बाबांची कळी खुलली. "अगं, जरा खुट्ट झालं की ती वीज तोडायची आणि सगळी मशिनं बंद. मग मी आतला स्क्रू फिरवून तिला थांबायला शिकवलं. दम धर बाई, लगेच तोडू नकोस! होता होता दीड सेकंदावर नेलं."

"आणि नकाशावर?"

"ते कोण लिहीत बसतंय!"

घरात भिंतीवर कारखान्याने दिलेलं घड्याळ होतं, 'यांच्या पाळीत काम एकदाही थांबले नाही' असं कोरलेलं. त्याखाली बसून तिने पाढे पाठ केले होते, येईल त्या पाहुण्याला ती अक्षरं वाचून दाखवली होती. आता नकाशा खोटा का, हे अहवालात लिहायचं म्हणजे त्या घड्याळालाच काळं फासायचं.

"बाबा, दीड सेकंद भडका चालला तर समोरचा माणूस हाती लागत नाही."

बाबांचा आवाज एकदम खाली आला.

"उद्या समोर कोण आहे?"

"बोका."

"मग लिही. माझं नाव घालून लिही. आणि त्याला सांग, मास्तर चुकले म्हणावं."

तिने तक्त्यावर काट मारली, 'गणित' लिहिलं, खाली कारण आणि बाबांचं नाव. मग बोक्याला जवळ बसवून सगळं सांगितलं.

"मास्तर आणि चुकले? चल, काहीतरीच!" तो उसळला. मग तो आत्याबाईकडे वळला.

"हिचं दार उघडायचं असलं की ते मला बाहेर पिटाळायचे," तो म्हणाला. "पक्कड आण, चहा सांग, काहीही. मला वाटायचं, विद्या लपवतात. आणि ते मला भडक्यापासून लांब ठेवत होते! तीस वर्षं राग धरला गं मी."

तिने बाबांना पुन्हा फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.