गुरुवारचं पाणी

ओट्याखालचा पंप घुरघुरला आणि थांबेचना.

एरवी नळ उघडला की तो दोन श्वास घुरघुरायचा, नळ बंद केला की गप्प व्हायचा. आज ब्रायोनीने नळ बंद केला तरी तो कोरड्या घशाने ओढतच राहिला. तिने नळ पुन्हा उघडला. थुंकल्यासारखं थोडं पाणी आलं, मग नुसती हवा.

तिने हातातली किटली खाली ठेवली, खिडकीतली मार्मलेडची रिकामी बरणी ओढून घेतली आणि नळाखाली धरली. नळ खोकला. थांबला. पुन्हा खोकला. बरणीत तीन बोटं पाणी जमलं आणि मग तेही येईना. तिने गुडघ्यांवर बसून ओट्याखाली हात घातला आणि पंपाचं बटण बंद केलं. सत्तावन्न फूट लांब आणि दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडे भिंती लागतील एवढ्या रुंद त्या बोटीतल्या घरात काही हलेना. शेगडीतला कोळसा तेवढा तडकला.

"संपलं?"

एफी उठली होती. पाच वर्षांच्या मुलीचं पांघरुणातून जेवढं दिसावं तेवढंच दिसत होतं, नाक आणि डोळे.

"संपलं."

"सगळं?"

"एवढं राहिलंय."

एफी अनवाणीच आली. तिने बरणी उजेडासमोर धरून पाहिली, मग ओट्यावरचं झाकण घेतलं आणि जीभ बाहेर काढून, चेहरा लाल होईस्तोवर आवळलं.

"बाबासारखं घट्ट," ती म्हणाली.

कोरिनला कुठलंच झाकण साधं लावता यायचं नाही. जॅमची बरणी असो, डिझेलची टोपी असो, नाहीतर बोटीच्या पुढच्या टोकावरचं पाण्याच्या टाकीचं पितळी बूच. ते बूच उघडायचं तर ब्रायोनीला किल्लीवर हातोडी मारावी लागे. "अरे, बूच आहे ते, तिजोरी नाही," ती करवादायची. "पाण्यात राहायचं आणि पाणी आत येऊ द्यायचं नाही," तो म्हणायचा, "एवढाच तर आपला धंदा."

सात आठवड्यांपूर्वी, गुरुवारी, त्याने टाकी काठोकाठ भरली, पाइप गुंडाळून ठेवला, बूच आवळलं. शुक्रवारी सकाळी तो कोळशाची गोणी खांद्यावर घेऊन काठच्या पायवाटेने येत होता. आधी गोणी पडली, मग तो. एकोणचाळीस वर्षांच्या माणसाचं हृदय असं कसं थांबतं, हे तिला डॉक्टरांनी दोनदा समजावून सांगितलं. तिला दोन्ही वेळा आठवत राहिले ते फक्त पायवाटेवर पसरलेले कोळसे. ते कुणी वेचले, तिला अजून माहीत नव्हतं.

अंत्यविधीनंतर माणसं पांगली आणि ती कप विसळायला उभी राहिली. तिसऱ्या की चौथ्या कपाला तिचा हात नळाखालीच थांबला. हे पाणी त्याने भरलेलं. त्याच्या हातचं. बोटांवरून ओघळून ते भोकातून खाली, कालव्यात चाललं होतं. तिने नळ बंद केला आणि उरलेले कप तसेच ठेवले.

त्या दिवसापासून नळाची धार दोऱ्याएवढी झाली. कपडे गावातल्या लॉन्ड्रीत. अंघोळ आठवड्यातून एकदा, एफीच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी, त्यांच्या टॉवेलाला आपला वास लागू नये म्हणून स्वतःचे टॉवेल घेऊन. भांडी छपरावरच्या बादलीत साठलेल्या पावसाच्या पाण्याने. टाकीतलं पाणी फक्त पिण्याला, शिजवायला आणि पोरीच्या तोंडावरून फिरवायला. एफीला तिने एकदाच सांगितलं होतं, "हे बाबाने भरलंय, जपून वापरू या." एफीनेच मग त्याला नाव दिलं, गुरुवारचं पाणी. झोपायच्या आधी ती त्याचा एक छोटा कप प्यायची, घोट घोट, डोळे मिटून, औषधासारखा. शेवटचा घोट आईला द्यायची.

आणि पाणी पुरत राहिलं. कोरिन असताना टाकी दहा दिवस चालायची. ती दोन आठवडे चालली, तीन चालली, पाच चालली. टाकी रिकामी व्हायला लागली की बोटीचं पुढचं टोक पाण्यातून वर यायला लागतं. पण ब्रायोनी आताशा बोटीकडे बाहेरून बघतच नव्हती. मान खाली घालून जायची, मान खाली घालून यायची. तिने आठवडेही मोजले नाहीत. काही गोष्टी मोजायला घेतल्या की पुरवठ्याला येत नाहीत, एवढं तिला आतून कळत होतं.

छतावर काठी वाजली. बोटीवर कुणी दार वाजवत नाही.

"काय गं, उठलात की बुडालात?"

पेगच. मागच्याच बोटीवर एकटी राहणारी पेग चौऱ्याहत्तर वर्षांची होती आणि त्यातली चाळीस तिने याच कालव्यावर काढली होती. गेले पंधरा दिवस बहिणीकडे होती, काल संध्याकाळी परतली. दारातून तिची लाल लोकरीची टोपी आत आली, मागून विडीचा वास, मग ती.

"पेगआजी, आमचं पाणी संपलं," एफीने सांगून टाकलं.

"मग? पाणी काय पंख लावून येणार आहे? खुंट्या उपट, बोट हलव."

"कॅनने आणते मी," ब्रायोनी म्हणाली. "दोन खेपांत होईल."

"दीड मैल जायचं, दीड मैल यायचं, हातात वीस लिटर! अगं, हात लोंबतील गुडघ्यापर्यंत." पेग शेगडीजवळ टेकली. "सोमवारी मुदत संपतेय ना तुझी?"

स्वतःचा कायमचा घाट नसलेल्या बोटीने चौदा दिवसांवर एका जागी राहायचं नाही, हा कालव्याचा नियम. ऑफिसातल्या मुलाने फोनवर चाचरत, माफी मागत, तिला आठ आठवडे दिले होते. पत्र खिडकीत होतं. ब्रायोनीने मान हलवली.

"हे बघ पोरी. सुकाणूला घाबरतेस, तर सरळ सांग. लाज कसली त्यात? माझा आल्फ गेला तेव्हा मी पहिल्याच दिवशी पुलाला अशी धडकले की वरून जाणारा पाद्री सायकलवरून पडला. तो उठून देवाचं नाव घेत होता म्हणे. मला ऐकू आलं ते काही देवाचं नाव नव्हतं."

एफी हसली. ब्रायोनीलाही ओठ हलवावेच लागले. भीती सुकाणूची नव्हती. पण ते बूच उघडलं, नवं पाणी आत सोडलं, की संपलं. हे पेगला सांगायचं कसं? ती हसली नसती, पण तिने डोक्यावरून हात फिरवला असता, आणि तो हात ब्रायोनीला आज झेपला नसता.

"घाबरत नाही," ती म्हणाली. "चल."

बोट काठाला बांधायच्या खुंट्या कोरिननेच ठोकलेल्या. त्या हलवून हलवून सैल कराव्या लागल्या. दुसरी निघाली तेव्हा जमिनीत काळं, ओलं भोक राहिलं. ब्रायोनीने त्यात बूट दाबला, माती सारखी केली. मग मागे वळून चालायला लागली, थांबली, आणि पुन्हा एकदा दाबली.

इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. नोव्हेंबराचा उजेड पाण्यावर सांडलेल्या दुधासारखा. एफी लाइफ जॅकेट घालून, बरणी पोटाशी धरून आईच्या पायांजवळ बसली. त्यांची बोट, कर्लू, काठापासून सुटली, आणि सात आठवडे जिथे ती उभी होती तिथलं गवत बोटीच्या सावलीत पिवळं पडलेलं दिसलं. ब्रायोनीने समोर बघितलं. सुकाणू डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे जाते. हे तिला त्याने याच कालव्यावर शिकवलं होतं, एफी पोटात असताना.

पेग पायवाटेने पुढे गेली होती. बोट लॉकशी, कालव्याच्या वरच्या पातळीवर चढवणाऱ्या त्या दगडी हौदाशी, पोचली तेव्हा पेगने दरवाजे उघडूनच ठेवले होते.

"उघडलाय गं दरवाजा! धडक देऊन उघडायची गरज नाही!"

कर्लू दगडी भिंतीला एकदा घासली, एकदा आपटली, आणि आत शिरली. मागचे दरवाजे मिटले. पेगने झडपा उचलल्या तसं पाणी आत घुसलं आणि बोट ओल्या भिंतींमधून हळूहळू वर यायला लागली. आधी वर एवढासा आभाळाचा तुकडा होता. मग पेगचे बूट दिसले, मग पेग.

"तुझ्या नवऱ्यापेक्षा बरी आणलीस," ती वरून म्हणाली. "तो कोपरा तोडायचा दर वेळी."

"खोटं बोलतेयस."

"बोलतेय. पण बरी आणलीस."

ब्रायोनीने तळहाताने नाक पुसलं. सगळ्या सकाळीत पहिल्यांदाच तिला वाटलं की हे जमेल. पाणी भरायचं, पुढे जायचं, चौदा दिवसांनी पुन्हा. बरणी तर आहेच. बरणी खिडकीत ठेवू.

लॉकच्या वरच पाण्याचा नळ होता. तिने दोर बांधला, पाइप उलगडला, हातोडी आणि किल्ली घेऊन पुढच्या टोकावर गुडघे टेकले. पितळी बूच थंड होतं. ते शेवटचं आवळणारे हात त्याचे. ती क्षणभर बुचावर तळवा ठेवून बसली. मग तिने किल्ली खाचेत बसवली, सगळा भार टाकायला खांदा पुढे घेतला आणि हातोडी उचलली.

किल्ली सहज फिरली. बरणीच्या झाकणासारखी.

ब्रायोनीने हातोडी खाली ठेवली. बूच हातानेच आणखी अर्धं वळवलं. अलगद सुटलं.

"सैल आहे," ती म्हणाली. कुणाला उद्देशून, तिलाही ठाऊक नव्हतं.

"माझ्या बोटांत आता पूर्वीचा जोर कुठला," पेग पाइपाचं तोंड घेऊन येत म्हणाली. "आणि ते तसं आवळायचंही नसतं. त्याने लावलेलं पहिल्यांदा उघडताना माझं मनगट आठवडाभर सुजलं होतं. मेल्याने काय हातोड्याने ठोकलं होतं की काय!" मग तिने जीभ चावली. "माफ कर गं. तोंडाला कुलूप नाही माझ्या."

"तू उघडलंस?"

"मग कोण? सात आठवडे एका टाकीवर? उंट आहात का दोघी?" पेगने पाइप टाकीच्या तोंडात खुपसला. "तू जागची हलेनास, तेव्हा म्हटलं, बाईला आत्ता नको सतवायला. अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात पहिल्यांदा, आणि मग बहिणीकडे जायच्या आदल्या दिवशी, माझ्या टाकीत उरलं होतं तेवढं. तू पोरीला शाळेत सोडायला गेलीस की माझी बोट तुझ्या बोटीला लावायची, माझ्या टाकीत पंप टाकायचा आणि पाइप तुझ्या टाकीत. तू यायच्या आत पुन्हा जागच्या जागी. सांगितलं असतं तर नको म्हणाली असतीस. तुझी मान ताठ आहे, मला माहितेय."

खाली, लॉकच्या दरवाजाच्या फटीतून पाणी गळत होतं.

"किती होतं आत?" ब्रायोनीने विचारलं. "पहिल्यांदा भरलंस तेव्हा."

"कुणी बघितलंय! आत काळोख असतो. वर येईस्तोवर सोडलं."

ब्रायोनी किल्लीचा दांडा अंगठ्याने पुसत राहिली. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. समोर पेग उभी होती, ओल्या बाह्या, लाल टोपी एका कानावर, काहीतरी चुकलं की काय अशी बघत. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, बोट काढून, बोट लावून, पाइप ओढून, लपूनछपून.

"बरं केलंस, पेग," ब्रायोनी म्हणाली. "बरं केलंस. मला... माझ्या लक्षातच आलं नसतं."

"तेच तर," पेगचा चेहरा सैलावला. "सोडू का पाणी?"

"सोड."

पेग काठावर चढली आणि नळाकडे गेली. पाइप थरथरला, फुगला, सापासारखा वळसा सोडून सरळ झाला. टाकीच्या पोकळीत पाणी पडायला लागलं. रिकाम्या लोखंडावर आधी मोठा, घुमणारा आवाज, मग हळूहळू भरीव.

एफी कधी पुढच्या टोकापर्यंत आली, ब्रायोनीला कळलं नाही. ती टाकीच्या तोंडाशी उभी राहून आत बघत होती. काळोखात काही दिसत नव्हतं. तिने पेगकडे पाहिलं, पेग नळाशी पाठमोरी विडी पेटवत होती. मग तिने बरणी पोटापासून दूर केली, दोन्ही हातांनी वर, नोव्हेंबराच्या उजेडात धरली आणि एक डोळा मिटून तिच्यातून आरपार बघितलं. झाकण अजून तसंच घट्ट होतं.

"आई," ती हळूच म्हणाली, पेगआजीला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "मग यातलं बाबाचं किती?"