बिब्बीच्या पिल्लाचा रस्सा-भात

मी एक म्हातारी मांजर आहे, मित्रांनो. वसईजवळच्या गिरीज गावात वॉल्टर आणि मटिल्डा यांच्या केळीच्या वाडीत मी जन्मले आणि याच वाडीत माझे दात पडले. अंग पांढरं आणि कपाळावर बरोबर मधोमध बिब्ब्यासारखा काळा ठिपका, म्हणून सगळे मला बिब्बी म्हणतात. आता उंदीर नाकासमोरून गेला तरी मी नुसता कान हलवते. माझी दृष्टी मंदावली आहे. पण एक भीती मात्र अजून अंगातून गेलेली नाही. तीच आज तुम्हांला सांगते.

माझा जन्म १९७४ सालचा. मटिल्डा सांगते, "आमची डेल्फिन चार वर्षांची होती तेव्हा ही झाली." विहिरीपाशी वाळक्या केळीच्या पानांचा ढीग पडलेला असे, त्यात माझ्या आईने मला जन्म दिला. मी चालू लागले तोच मला काम मिळालं. आमच्या घरी राजेळी केळी सोलून उन्हात वाळवत आणि त्यांची मधाच्या रंगाची गोड सुकेळी करून माळ्यावर ठेवत. त्या वासाने गावातले सगळे उंदीर आमच्या माळ्याकडे धाव घेत. पहिल्या हिवाळ्यातच मी एका पाठोपाठ एक अकरा उंदीर आणून मटिल्डाच्या पायाशी ठेवले. अकराव्याला ती किंचाळली, पण वॉल्टर शेजाऱ्यांना अभिमानाने म्हणाला, "आमची सुकेळी देवाच्या खालोखाल या बिब्बीनेच राखली." मित्रांनो, ते ऐकून मी दिवसभर शेपूट ताठ ठेवून हिंडले.

ती माझी सुखाची वर्षं होती. मासळी साफ करताना मटिल्डा डोकी माझ्यापुढे टाकी. बाकी पोट मी स्वतःच्या कष्टाने भरी.

१९७९ च्या सप्टेंबरात मला तीन पिल्लं झाली. एकाला घारीने माझ्या डोळ्यांदेखत उचललं. दुसरं दूध ओढेनासं झालं आणि आठवड्यातच गार पडलं. उरलं एकच. त्याचा रंग अगदी सुकेळ्यासारखा, पिवळट तांबूस. डेल्फिनने त्याचं नाव 'सुकेळ्या' ठेवलं.

डेल्फिन तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने त्याला फ्रॉकच्या झोळीत घालून सगळी वाडी दाखवली. त्याच्यावर तिचा फार जीव. तिला भूक लागली की त्यालाही लागली असेल, तिला गोड आवडतं म्हणजे त्यालाही आवडत असेल, असं तिला मनापासून वाटे. ती चहात बुडवलेलं बिस्कीट त्याच्या तोंडाशी धरी, पावाचा तुकडा धरी, शेंगदाण्याची चिक्की धरी. पिल्लू वास घेई, जिभेने चाटी, कधी खाई, कधी पळून जाई. मी बाजूला बसून बघत असे. लाडाने पुढे केलेल्या हाताची भीती बाळगावी, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

नाताळ दोन दिवसांवर आला. मटिल्डा ओट्यावर केकसाठी काजू आणि बेदाणे चिरत होती. वाडीत खुरपणीला येणारी धोंडूबाई दारात चहा पीत बसली होती. डेल्फिनने हळूच एक काजू उचलला आणि सुकेळ्यापुढे टाकला. त्याने तो पंजाने लोळवला, झडप घातली आणि गिळायला गेला.

काजू घशात अडकला.

माझं पिल्लू आवाजच करीना. तोंड उघडं, जीभ बाहेर, पुढचे पाय जमीन खरवडताहेत. मी धावले, त्याचं तोंड चाटू लागले. दुसरं काय करणार? मला हात नव्हते.

"आई! आई, त्याला काय झालं बघ!" डेल्फिन ओरडली.

मटिल्डाच्या हातातून सुरी पडली. धोंडूबाईने कप बाजूला ठेवला, पिल्लाचे मागचे पाय धरून त्याला उलटं केलं आणि पाठीवर दोन हलके फटके मारले. काही नाही. मग तिने त्याचं तोंड उघडून करंगळी आत घातली. एक खरखर आवाज झाला आणि अर्धा काजू जमिनीवर पडला.

"मटिल्डाबाय, अगो मांजराला काय काजू घालतात?" धोंडूबाई म्हणाली. "त्याचे दात फाडायला असतात, दळायला नसतात. जरा पानी दे त्याला. आनि त्या पोरीला कोन काय बोलू नका, ती आधीच घाबरलीय."

त्या दिवसापासून काजू, बदाम, शेंगदाणे सगळे घट्ट झाकणाच्या डब्यात गेले आणि डबा फडताळावर चढला. मटिल्डाने लेकीला बजावलं, "आता दाणा म्हणून त्याच्यापुढे टाकायचा नाही. मऊ द्यायचं." संकट टळलं असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

पण खरं संकट त्या 'मऊ' शब्दातच लपलं होतं.

सुकेळ्याचा घसा सोलवटला होता. दोन दिवस त्याने काही खाल्लं नाही. नाताळच्या दिवशी घरात मटण झालं. भाजलेला कांदा, खोबरं, लसूण, सगळं बारीक वाटून केलेला दाट रस्सा. डेल्फिनने मूठभर मऊ भातावर तो ओतला, बोटाने कालवला आणि ताटली त्याच्यापुढे ठेवली. त्याने चाटायला सुरुवात केली आणि ताटली पुसून काढली.

"आई, खाल्लं त्याने! सगळं खाल्लं!" डेल्फिन टाळ्या पिटत नाचली. मटिल्डाचेही डोळे भरून आले. तिने ठरवलं, पिल्लात शक्ती येईपर्यंत रोज त्याच्यासाठी एक पळी बाजूला काढायची. कधी मटणाचा रस्सा, कधी मासळीचा, कधी नुसतं कांद्याचं वाटण घातलेलं कालवण. तिखट लागू नये म्हणून ती वरचं पाणी काढून खालचा दाट भाग त्याला देई.

मीही त्यातलं थोडं चाटलं. पण माझं पोट उंदरांनी भरलेलं असे, म्हणून मी वाचले.

पाच-सहा दिवसांत सुकेळ्या खेळेनासा झाला. मी शेपटी हलवली तरी तो झडप घालीना. ओट्याखाली पडून राही आणि त्याच्या बरगड्या भराभर वरखाली होत. मी त्याला चाटे तेव्हा नेहमी गुलाबी दिसणाऱ्या त्याच्या हिरड्या भिंतीच्या चुन्यासारख्या दिसत. मित्रांनो, आजाराला वास असतो. तो मला माझ्या दुसऱ्या पिल्लाच्या अंगाला आला होता. तोच वास आता सुकेळ्याच्या अंगाला येऊ लागला.

मटिल्डा म्हणाली, "थंडी बाधली त्याला. उद्यापासून लसूण जास्त घालते."

तिने घातला. तो आणखी खचला.

खाण्यात काय वाईट आहे ते मला कळत नव्हतं, पण एवढं दिसत होतं की ताटली येते आणि माझं पिल्लू आणखी थोडं कमी होतं. मग मी एक केलं. भर दुपारी त्याला मानेला धरून उचललं आणि फरफटत, थांबत थांबत विहिरीजवळच्या पंपाच्या खोपटात नेलं. जुन्या गोणपाटामागे त्याला दडवलं आणि मी पुढे आडवी बसले. इथे कुणी येणार नाही, असं मला वाटलं.

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत डेल्फिन आली. केस विस्कटलेले, पायाला चिखल. तिने आम्हांला सगळ्या वाडीत शोधलं होतं. आम्ही दिसताच ती एवढी गोड हसली! आणि तिच्या हातात ती ताटली होती.

"इथे येऊन बसलास होय रे? उपाशी राहतं का असं कुणी? घे, आज जास्त आणलंय."

मी गुरगुरले. ती आणखी पुढे आली. तिला मी कधीच भीती दाखवली नव्हती, म्हणून तिला ती कळली नाही. तिने ताटली पुढे सरकवली आणि मी पंजा मारला. तिच्या मनगटावर तीन लाल रेघा उठल्या.

डेल्फिन रडत घरी पळाली. वॉल्टर काठी घेऊन आला, मागोमाग मटिल्डा.

"बिब्बी पिसाळली," मटिल्डा घाबरून म्हणाली. "आज पोरीला ओरबाडलं, उद्या डोळा फोडील. तिला पोत्यात घाला आणि खाडीपलीकडे सोडून या."

मित्रांनो, ज्या घराची सुकेळी मी पाच वर्षं राखली, त्याच घरातलं पोतं माझ्यासमोर उघडलं गेलं. मी पळू शकले असते. भिंतीला मोठं भोक होतं. पण मागे सुकेळ्या होता आणि त्याच्याने मानही उचलवत नव्हती.

वॉल्टर मला धरायला वाकला आणि तसाच थांबला. गोणपाटाच्या कडेला एक ओला डाग होता. त्याने ते गोणपाट काठीने पुढे ओढलं, उजेडात धरलं.

"मटिल्डा, हे बघ. पिल्लाने लघवी केलीय. लाल आहे."

वॉल्टरने पोतं खाली टाकलं. त्याने सुकेळ्याला तळहातावर घेतलं, त्याचा ओठ वर करून पाहिला. "रक्तच नाही याच्या अंगात," तो म्हणाला. "म्हणून ही आई अशी करतेय. पिसाळली नाही ही. भ्यालीय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच वॉल्टरने सायकलच्या कॅरियरला टोपली बांधली. पिल्लाला आत ठेवलं की मी आत उडी मारी. तीनदा मला काढलं, तीनदा मी चढले. शेवटी त्याने आम्हां दोघांवर फडकं बांधलं. डेल्फिन पुढच्या दांडीवर बसली. रस्ताभर माझ्या पोटाशी सुकेळ्याचा श्वास मी मोजत होते. एक श्वास झाला की पुढचा येईपर्यंत माझा अडकत असे.

गुरांच्या दवाखान्यात दिवाकर डॉक्टर होते. त्यांच्याकडे म्हशी येत, बैल येत. मांजर घेऊन आलेला माणूस पाहून बाहेर बसलेले लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सुकेळ्याचे डोळे, हिरड्या पाहिल्या, सोबत आणलेल्या गोणपाटावरचा लाल डाग पाहिला आणि विचारलं, "काय खायला घालता?"

"चांगलंच घालतो, डॉक्टर," वॉल्टर म्हणाला. "काजू घशात अडकल्यापासून दाणेबिणे सगळं बंद केलंय."

"ते ठीक केलंत. एखादा बिनमिठाचा काजू विष नसतो, पण तो अडकतो, तेलाने पोट बिघडतं आणि मांजराला त्याचा उपयोग काहीच नाही. मी विचारतोय, देता काय?"

डेल्फिन पुढे झाली. "रस्सा-भात. रोज. मीच भरवते."

"रश्शात कांदा असतो?"

"खूप असतो. आई त्याला खालचा दाट काढून देते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मी नाशिककडे होतो तेव्हा सडलेल्या कांद्याचा ढीग खाऊन गाई अशाच पांढऱ्या पडल्या होत्या. लाल लघवी, धाप. कांद्याने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजर तर त्याहून नाजूक. कच्चा असो, शिजवलेला असो, वाटलेला असो, कांदा नको आणि लसूणही नको. आजपासून एक थेंबसुद्धा नाही."

डेल्फिनचा चेहरा पिल्लाच्या हिरड्यांसारखा झाला. फार हळू आवाजात तिने विचारलं, "म्हणजे मीच त्याला मारत होते?"

वॉल्टरने तिच्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर तिच्यासमोर वाकले. मग म्हणाले, "कालपर्यंत तुला ठाऊक नव्हतं, बाळ. तो गुन्हा नाही. आता ठाऊक झालंय. आता तुझ्यावर जबाबदारी आहे."

"जगेल ना?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. त्यांनी सुई टोचली, औषध दिलं. "बिनमिठाची उकडलेली मासळी द्या, एकेक काटा काढून. चार-पाच दिवस काढले तर आशा आहे."

ते चार दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. डेल्फिन शाळेतून आली की दप्तर टाकून आमच्यापाशी बसे. तिच्या मनगटावरच्या रेघांवर खपली धरली होती. मासळीचा एकेक तंतू ती दोन बोटांत चुरडून काटा तपासे आणि पुढे करण्याआधी माझ्याकडे बघे. जणू मला विचारी, देऊ का? मी गुरगुरत नसे. पण त्या हाताकडे पाहताना माझी पाठ थरथरे.

तिसऱ्या दिवशी त्याचे पाय गार लागले. मी अंगाखाली घेऊन बसले आणि उठलेच नाही. मटिल्डा माझ्याजवळ भुईवर बसली. "बिब्बी, तुला मी पोत्यात घालायला निघाले होते," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली.

पाचव्या दिवशी सकाळी सुकेळ्याने डेल्फिनचं बोट चावलं. मासळीचा वास राहिला होता म्हणून. ती "आई गं!" म्हणून ओरडली आणि घरातली तिघंही हसली.

तो जगला. अंगाने कधी भरला नाही, पण पुढे त्याने माळा सांभाळला. पुढच्या नाताळात पाहुण्यांच्या एका मुलीने करंजीचा तुकडा त्याच्यापुढे धरला, तेव्हा डेल्फिनने तिचा हात धरला. "नको. त्याला आवडेल, पण बाधेल की नाही ते मला माहीत नाही. आणि माहीत नसेल तर द्यायचं नाही."

मित्रांनो, आता माझी विनंती ऐका. आम्हां मांजरांना वास आवडला की आम्ही खातो. त्यात विष आहे का, हे आम्हांला कळत नाही. दुखलं तर आम्ही कुठे दुखतं ते सांगत नाही, कोपऱ्यात जाऊन पडतो. तुमच्या ताटातला चॉकलेटचा तुकडा, खारवलेला दाणा, रश्शाचा घास आमच्यापुढे येतो तेव्हा तो तुमच्या मायेचाच असतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर भीती वाटते. काठी दिसली की आम्ही पळतो, पण तुमच्या हातातल्या घासाला आम्ही कधीच 'नाही' म्हणत नाही. ते तुम्हीच म्हणा.