मुदतीतली नोटीस

ताईचं बायंडिंगचं दुकान तळघरात होतं. त्या सकाळी तिचा भाऊ बारक्या तिथं घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभा राहून फुगलेली पुस्तकं उचलत होता. शाळेची हजेरीबुकं, ग्रंथालयातून शिवायला आलेले जाड ग्रंथ, कागद कापायचं यंत्र, सगळं पाण्यात. नगरपालिकेनं गटारासाठी रस्ता खणला आणि जुना नळ फोडला. नळ नकाशात नव्हता. तो नकाशा बारक्यानंच काढला होता, तोही जागेवर पाऊल न ठेवता, खुर्चीत बसून जुना गिरवून.

ताईला यातलं काही ठाऊक नव्हतं. भाऊ नगरपालिकेत, म्हणजे घरचाच माणूस.

"काय करू रे आता?"

बारक्याला नियम तोंडपाठ होता. नगरपालिकेवर दावा लावायचा तर नव्वद दिवसांत लेखी नोटीस द्यायची. कधी, कुठं, काय नुकसान झालं ते लिहून आवक खिडकीवर पोच घ्यायची. ती नसली की कोर्ट दारातही उभं करत नाही. पण नोटीस आली की नकाशा निघणार, आणि नकाशाखाली त्याची सही.

"फोनवर तक्रार नोंदव," तो म्हणाला. "बाकीचं मी आतून बघतो."

ताई निर्धास्त झाली. दर रविवारी तो येई आणि चिकटलेली पानं टीपकागद घालून एकेक सोडवी. "साहेब बघतायत," असं तो सांगे. ती म्हणे, "तू आहेस म्हणून बरं." चहा तसाच ठेवून तो पुढच्या पानाला हात घाली.

एकोणनव्वदाव्या दिवशी त्यानं स्वतःच नोटीस लिहिली, ताईची सही घेतली आणि आवक खिडकीशी जाऊन उभा राहिला. हेडक्लार्क हसून म्हणाले, "तुम्ही इकडं कसे?"

"सहज," तो म्हणाला, आणि कागद खिशात तसाच घेऊन जागेवर जाऊन बसला.

आणखी महिन्यानं ताई कंटाळून स्वतःच वकीलबाईंकडे गेली. परत आली तेव्हा तो पानं सोडवत होता.

"मुदत गेली म्हणे. नोटीस आवकला आलेलीच नाही. तू दिली नाहीस?"

"नाही."

"विसरलास?"

विसरलो म्हणणं सोपं होतं. शब्द जिभेवर आलासुद्धा. "नाही, ताई. नकाशा माझा होता. नळ मीच दाखवला नव्हता."

ती खळीचा ब्रश हातात धरून तशीच बसली. "आणि हे दर रविवारी येणं?"

त्यानं हातातला टीपकागद खाली ठेवला.

उशिराचं कारण पटलं तर कोर्ट मुदत माफ करू शकतं, असं वकीलबाईंनी सांगितलं होतं. बारक्यानं प्रतिज्ञापत्र लिहून दिलं. मुदत मला माहीत होती, बहिणीपासून मी ती मुद्दाम लपवली, सही केलेली नोटीसही दिली नाही. न्यायाधीशांनी ते दोनदा वाचलं आणि उशीर माफ केला. दावा दाखल झाला. कचेरीनं बारक्याला नकाशाच्या टेबलावरून उठवून जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. त्याला ते कमीच वाटलं.

पुढच्या रविवारी तो पायऱ्या उतरला. ताईनं मान वर केली.

"तारीख पडली की कळवीन," ती म्हणाली. "साक्षीला ये. पानं आता मी सोडवते."

बाजूला दुसरं स्टूल रिकामंच होतं. ती बस म्हणाली नाही आणि तो बसला नाही.